हुंकार देणारी

संध्याकाळी कांदा चिरता चिरता लेकीचं वाचन ऐकायचं, हे जपानमधल्या ओनोमिची गावातल्या कुठल्याच आईला चुकत नाही. पहिलीच्या पोरांचा रोजचा गृहपाठच तो. पोरानं धडा मोठ्यानं वाचायचा, घरातल्या मोठ्या माणसानं ऐकायचा आणि शाळेच्या कार्डावर शिक्का मारायचा. चिहारूही इमानेइतबारे शिक्का मारायची. ऐकायची मात्र अर्ध्या कानानं. लक्ष तव्याकडे, तोंडानं नुसतं "हं, हं" चालू.

तिची लेक कोतोने वाचताना अडखळायची. आईचा हुंकार भलत्याच जागी पडला की पोर आणखीच अडकायची, कानापर्यंत लाल व्हायची. शेवटी चिहारूनं वाचून घेणारं एआयचं यंत्र भाड्यानं मागवलं. पांढरं, गोल, मोसंबीएवढं. मूल वाचतं ते ऐकायचं, अडलं तर हळूच शब्द सुचवायचा, झेपेल अशी पुढची गोष्ट काढून द्यायची, एवढंच त्याचं काम.

पावसाळा सरेपर्यंत कोतोने घडाघडा वाचायला लागली. चिहारूला आनंद व्हायला हवा होता. तिच्या पोटात दुखलं.

"आज मला वाचून दाखव ना गं."

"तू तुझं काम कर. तुला ऐकता येत नाही."

"का, बहिरी आहे का मी?"

"बहिरी नाहीस. पण तू कांदा चिरतेस. ती काहीच चिरत नाही."

ती? कोतोने यंत्राला 'ती' कधीपासून म्हणायला लागली, ते चिहारूला आठवेना.

मग ती सरकत्या दाराआड उभी राहून ऐकू लागली. आत कोतोने वाचायची आणि वाक्य टेकलं की हुंकार यायचा. गमतीच्या जागी हसरा, भीतीच्या जागी श्वास रोखलेला. इतक्या मायेनं चिहारूचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, तिच्या सख्ख्या आईनंसुद्धा नाही. तिला हेवा वाटला. सवतीचा वाटावा तसा, उघडा, निर्लज्ज हेवा.

एका सकाळी तिनं चार्जिंगची वायर उचलली आणि आपल्या कपड्यांच्या खणात दडवली. दोनच दिवसांत यंत्राचा दिवा विझला. कोतोनेनं तक्रार केली नाही. संध्याकाळी चिहारू दाराशी गेली, तर आत वाचन चालू होतं.

"मग कोल्हा पुलावर आला."

"हं."

तिनं दार सरकवलं. कोतोने मांडी घालून बसली होती. यंत्र तिच्यासमोर, दिवा विझलेलाच. चिहारूनं हात लावला. ते तापलेल्या पोराच्या कपाळासारखं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेत असताना तिनं यंत्र खोक्यात भरलं आणि परत पाठवायला कुरियरवाल्याला बोलावलं.

"वहिनी, आत काच वगैरे आहे का?"

"हं."

"मग उलटं ठेवलं तर चालेल?"

"हं."

तो हसला. "दोन्हीला हं! नक्की काय समजायचं मी?"

चिहारूनं मानेनंच नाही म्हटलं. घसा धरला असेल, असं तिला वाटलं.

आता रडारड होणार, या धास्तीनं तिनं दुपार काढली. पण कोतोने आली, रिकाम्या जागेकडे तिनं एकदा पाहिलं आणि पुस्तक घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली. चिहारूनं बांगडा भाजायला लावला, सुरी बाजूला ठेवली आणि लेकीसमोर बसली.

कोतोने वाचू लागली. एकदाही अडखळली नाही. चिहारूचा हुंकार प्रत्येक वेळी नेमका पडत होता. लेक मधूनच वर बघून हसायची. चिहारूला भरून आलं. माझी पोर माझ्याकडे परत आली, तिला वाटलं.

करपल्याचा वास आला.

थांब बाळा, मासा जळतोय, असं तिला म्हणायचं होतं.

"हं," ती म्हणाली.

धूर दाटला. तिला उठायचं होतं. मांडीवरचा हात हलेना.

"हं."

कोतोनेनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "आता कशी छान ऐकतेस," ती म्हणाली.

मग ती स्वतःच उठली. टाचा उंचावून तिनं गॅस बंद केला, खिडकी उघडली. परत येऊन बाहीनं आईचा चेहरा हलकेच पुसला, कपाटावरची धूळ पुसतात तसा, आणि पुढचा धडा काढला.