चवीपुरतं मीठ

कोशिंबिरीला पाणी कुठून सुटतं?

झिरपने मला हे विचारलं तेव्हा मी काकडी चोचवत होते, म्हणजे काकडी हातात धरून सुरीने तिच्यावर बारीक बारीक घाव घालत होते. तो काचेच्या भिंतीपलीकडे बसून सगळं बघत होता. मी वाडग्यात पाण्याचा थेंबही घातला नव्हता, हे त्याने नीट पाहिलं होतं. तरी थोड्या वेळाने तळाशी पाणी साचलं. मी घाईघाईत सांगून टाकलं की काकडीत पाणी असतंच, तेच बाहेर येतं. का येतं ते काही मी सांगितलं नाही, आणि मला तरी ते कुठे धड माहीत होतं? आज मला ते पक्कं माहीत आहे. पण माझ्या शिकण्यासाठी भोगावं लागलं ते झिरपला.

मी चारू फेगडे. ही गोष्ट गेल्या वर्षीची, मी सहावीत होते तेव्हाची. आई-बाबा समुद्रातल्या वीजकेंद्रावर कामाला असल्यामुळे मी आजोबांकडे राहत होते. आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ (झाडावेलींचा अभ्यास करणारे) आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी एक केंद्र आहे, तिथे परग्रहावरच्या पाहुण्यांना उतरवून घेतात. पाहुणा थोडासा झाडासारखा असला, की आजोबांना बोलावणं येतं.

झिरप बराचसा झाडासारखा होता. उंचीने माझ्याएवढा, फिकट हिरवा, आणि कातडी गुलाबाच्या पाकळीसारखी पातळ. त्याला तोंड नव्हतं. तो तळहात टेकवायचा आणि अन्नातला रस त्याच्या आत झिरपत जायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव झिरप ठेवलं. तो की ती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गळ्यात दुभाष्या (एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सांगणारी डबी) होता, त्यातून तो सावकाश मराठी बोलायचा.

त्याच्या ग्रहावर दोन गोष्टी नाहीत. तिथल्या हवेत प्राणवायू इतका कमी आहे की काही पेटतच नाही, म्हणून विस्तव नाही. आणि समुद्र नाही. पाऊस पडतो, जमिनीत मुरतो, पुन्हा वर येतो. त्यामुळे तिथे कुणीच कधी शिजवलेलं खाल्लेलं नाही. आधीचे पाहुणे आपली यानं बघायला आले, आपली युद्धं मोजायला आले. झिरप आला होता पृथ्वीवरचे कच्चे पदार्थ वहीत उतरवून घ्यायला. केंद्रातले लोक त्याला हसले. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला.

रोज दुपारी आजोबा काचेशी खुर्ची ओढून बसत आणि त्याला सांगत. माणूस चूल पेटवायच्या कितीतरी आधीपासून पाला ओरबाडून खात होता, पण त्याला सॅलड म्हणायचं नाही, असं आजोबांचं म्हणणं. ज्या दिवशी कुणीतरी पाला धुतला, चिरला आणि त्यात दुसरं काहीतरी कालवलं, त्या दिवशी सॅलड जन्माला आलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधले लोक हिरवी पानं मिठाच्या पाण्यात बुडवून, तेल आणि शिरका (आंबवलेल्या रसाचं आंबट पाणी) घालून खात. आधी ती जेवणाच्या शेवटी खायची पद्धत होती, पुढे ती सुरुवातीला आली. त्यांच्या लॅटिन भाषेत मिठाला ‘साल’ म्हणत. साल लावलेला पाला तो सॅलड.

इथे दुभाष्या अडला. जिथे समुद्रच नाही, तिथल्या भाषेत मिठाला शब्द कुठून असणार? झिरपने त्या शब्दाच्या जागी वहीत एक रिकामा गोल काढला आणि पुढे लिहायला लागला. आजोबांनी आणि मी तो गोल पाहिला, आणि दोघांनाही काही वाटलं नाही.

थायलंडमध्ये कच्च्या पपईचा कीस खलबत्त्यात कुटतात, हे त्याने लिहून घेतलं. लेबनॉनमध्ये ढीगभर पाल्यात मूठभर भिजवलेला दलिया मिसळतात, म्यानमारमध्ये चहाची पानं मुरवून त्यात दाणे आणि लसूण कालवतात, हेही लिहिलं. मग मी आपल्याकडचं सांगितलं. खमंग काकडी, मुळ्याची पचडी, गाजराची कोशिंबीर, आणि आमच्या खान्देशातला घोळाणा, म्हणजे कोवळी मेथी आणि कांद्याची पात कच्चीच चिरून त्यात दाण्याचं कूट आणि तेल. आजोबांनी मध्येच सांगितलं की काकडी मूळची आपलीच, हिमालयाच्या पायथ्याची, पण शेंगदाणे आणि मिरची पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणी पाहिलेही नव्हते. ते अमेरिका खंडांतले. मग काकडीची आणि दाण्यांची ओळख कुणी करून दिली, असं झिरपने विचारलं. खलाशांनी, असं आजोबा म्हणाले, आणि झिरपने खलाशांसाठी वेगळं पान काढलं.

एकवीस दिवसांनी त्याने पंगतीला बसायची परवानगी मागितली. केंद्राची अट अशी होती की पानात पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची वजनासकट यादी द्यायची, आणि प्रयोगशाळा प्रत्येक वस्तू तपासणार. यादी करायचा हट्ट माझा होता. काकडी दोनशे ग्रॅम, ओलं खोबरं तीस, दाण्याचं कूट चाळीस, लिंबाचा रस, कोथिंबीर, मेथी, पात, तेल. मीठ मी लिहिलं नाही. विसरले असंही म्हणता येणार नाही. घरात कुणी काही करायला सांगितलं तर सगळं मोजून सांगतात आणि शेवटी म्हणतात, मीठ चवीपुरतं. जे मोजायचंच नसतं ते यादीत कसं लिहायचं? आजोबांनी यादी वाचली आणि सही केली. प्रयोगशाळेने एकूण एक वस्तू तपासून पास केली.

पंगत शनिवारी दुपारी झाली. आमच्याकडे पान मांडलं की सगळ्यांत आधी वर डावीकडे मीठ वाढतात. मी झिरपला आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं की पाहुण्याने डावीकडून सुरुवात करायची. त्यामुळे त्याने डावा तळवा मिठावर टेकवला, अगदी सभ्यपणे, आणि उजवा कोशिंबिरीवर.

थोड्याच वेळात केळीच्या पानावर पाणी जमायला लागलं. त्याची डावी बोटं वाकली, मऊ पडली, आणि तो हळूहळू बाजूला कलला. दुभाष्यातून एवढंच आलं, “पाणी जातंय.” डॉक्टर धावत आले. अंगातलं पाणी जातंय म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर जे करेल तेच त्यांनी केलं. झिरपला टबात निजवलं आणि टब सलाइनने (औषधी मिठाच्या पाण्याने) भरला.

मी स्वयंपाकघरात येऊन बसले. समोर उरलेल्या कोशिंबिरीचं भांडं होतं. सकाळची करकरीत काकडी लिबलिबीत होऊन स्वतःच्याच पाण्यात पडली होती. मला आठवलं, मीठ घालेपर्यंत भांडं कोरडं होतं. मीठ घातलं आणि पाणी सुटलं. आणि झिरपलाही पाणी सुटलं होतं. मग यादी आठवली.

त्याच क्षणी उठून मी आजोबांकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. मी भांडं घासलं. मग बाकीची भांडी घासली, ती घासायची नव्हती तरी. सगळे मला काय म्हणतील, आजोबांना केंद्रातून काढून टाकतील का, असलंच सगळं माझ्या डोक्यात होतं. झिरपचा विचार मी मुद्दाम करत नव्हते. असा दीड तास गेला. मला त्या दीड तासाची अजून लाज वाटते, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

तेवढ्यात केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या सिंधूमावशी आत आल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “हात पार सुकून गेला गं त्याचा. आणि डॉक्टर अजून मिठाचंच पाणी घालून राहिले.”

मी पळत सुटले. आजोबा टबाशी उभे होते. सगळ्यांसमोर मी म्हटलं, “आजोबा, मीठ मी यादीत लिहिलंच नव्हतं. कोशिंबिरीला मिठानेच पाणी सुटतं. त्यालाही तसंच सुटलंय.”

आजोबांनी लगेच डॉक्टरांना टब रिकामा करायला सांगितला, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पावसाचं पाणी आणायला माणसं पाठवली. नुसतं गोडं पाणी, त्यात काहीही घालायचं नाही. संध्याकाळपर्यंत झिरपचा उजवा हात ताठ व्हायला लागला. डावा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा त्याच्या खोलीबाहेरच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी दोन पेले आणि एक काकडी आणली होती. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळवलेलं. दोन्हींत एकेक पातळ चकती टाकली आणि आम्ही वाट बघत बसलो. तासाभराने साध्या पाण्यातली चकती कडक झाली होती, मिठाच्या पाण्यातली दुमडली तर मोडतही नव्हती.

मग त्यांनी समजावून सांगितलं. काकडी पेशींची (सजीवाचं अंग ज्या अगदी बारीक कप्प्यांचं बनतं त्यांची) बनलेली असते. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज जातं-येतं, मीठ मात्र सहसा जात नाही. पडद्याच्या दोन बाजूंना मीठ-साखर सारखी नसली, की पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं आणि दोन्हीकडे सारखं करू बघतं. याला परासरण (पाण्याचं पडद्यातून दाट बाजूकडे जाणं) म्हणतात. बाहेर मीठ भुरभुरलं की पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि पेशी मऊ पडते. बाहेर साधं पाणी असलं की ते आत जातं आणि पेशी फुगून ताठ होते. कोमेजलेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की टवटवीत होते, ती याच कारणाने.

सलाइन माणसाला का चालतं, हे मी विचारलं. आजोबा म्हणाले की आपलं रक्त मुळातच खारट आहे, साधारण सलाइनइतकंच, म्हणून पाणी आतही ओढलं जात नाही आणि बाहेरही नाही. झिरपच्या अंगात मीठ जवळजवळ नाहीच. आपलं औषध त्याला समुद्राइतकं खारट होतं. आणि तो पाण्यात पडून तहानेने मरत होता.

“आणि डावा हात?” मी विचारलं.

“काही पेशींमधलं पाणी इतकं गेलं की त्या मेल्या. चिरलेल्या, मीठ लावलेल्या काकडीची पुन्हा वेलीवरची काकडी होत नाही, चारू.”

मी रडायला लागले. मी लवकर सांगितलं असतं तर, असं म्हणाले. आजोबांनी मला गप्प केलं नाही आणि खोटी समजूतही घातली नाही. लवकर सांगितलं असतंस तर कदाचित दोन बोटं वाचली असती, असं ते म्हणाले. मग म्हणाले, “पण त्या यादीवर सही माझी आहे. आणि मीठ सॅलडच्या नावातच आहे, हे त्याला मीच सांगितलं होतं. शिकवलं आणि स्वतः ऐकलं नाही.” इतके थकलेले आजोबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

झिरप सव्वीस दिवस पावसाच्या पाण्यात पडून होता. मी शाळेतून आले की टबाशी बसायचे. पहिले कितीतरी दिवस तो बोललाच नाही. मग एके दिवशी दुभाष्या खरखरला आणि त्याने पुन्हा तेच विचारलं, “कोशिंबिरीला पाणी कुठून सुटतं? आता नीट सांग.”

मी नीट सांगितलं. पेशी, पडदा, परासरण, यादी, दीड तास, सगळं. मग त्याने उजव्या हाताने वही उघडली आणि त्या जुन्या रिकाम्या गोलात हळूहळू खुणा भरत गेला. तो डावरा होता. उजव्या हाताने त्याला फार वेळ लागला.

केंद्राच्या यादीत आता पहिलीच ओळ छापलेली आहे: मीठ, किती ग्रॅम. आजोबांनी खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या वेलींचं काम पुन्हा हातात घेतलंय आणि पेले धुणं, चकत्या कापणं माझ्याकडे असतं. समुद्राचं पाणी वर चढून जिथली शेतं खारावली आहेत, तिथे त्या वेली लावता येतील असं ते म्हणतात. झिरपने जाताना काकडीचं बी मागून घेतलं. मिठाशिवाय ती कोशिंबीरच राहील ना, असं त्याने विचारलं तेव्हा आजोबा किती तरी दिवसांनी हसले. रोमच्या लोकांनी त्याला सॅलड म्हटलं नसतं, पण कोशिंबीर खुशाल म्हण, असं ते म्हणाले.

निघायच्या दिवशी त्याने पुन्हा पंगत मागितली. कुणालाच ते नको होतं, मला तर मुळीच नको होतं. पण त्यानेच मागितली. मी पान मांडलं आणि सवयीने माझा हात डाव्या कोपऱ्याकडे गेला. तो कोपरा मी रिकामा सोडला. बाकीचं वाढलं आणि मागे सरकून उभी राहिले.

झिरपने वाळलेला डावा हात मांडीवरून उचलला आणि आधी त्या रिकाम्या कोपऱ्यावर टेकवला. पाहुण्याने डावीकडून सुरुवात करायची, हे मीच त्याला शिकवलं होतं. हात तिथे थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने उजवा तळवा कोशिंबिरीवर ठेवला आणि तो जेवायला लागला.