सरळ झाड

पावसाची सर आली तशी मी गाणं अर्धवट सोडून गवताच्या गंजीवरच्या छपराखाली पळाले, तर तिथं आधीच एक जण! तोडेर. आमच्या आणि शेजारच्या पालागाकाकूंच्या कुरणात दरवर्षी गवत कापायला यायचा. नावानं ओळखायचे, बोलले कधी नव्हते.

"थांबलीस का? गा की," तो म्हणाला. "‘देवदारा, का रे वाकत नाहीस...’ याचा अर्थ काय गं, सावेता?"

"इतके दिवस कानात बोळे होते वाटतं?"

"शब्द कळतात. अर्थ तुझ्या तोंडून ऐकायचाय."

आगाऊ मेला! "वाकड्या झाडाची तुळई कुणी करत नाही, असा अर्थ. माणसाचंही तेच."

"आणि सरळ झाडाचं?"

"ते... आधी तोडतात."

तो हसला आणि मी भाळले. पाऊस थांबला तरी दोघंही उठलो नाही.

मग माझ्या बाबांनी पालागाकाकूंच्या कुरणात हद्दीचा दगड सरकवला. विधवा बाई, करणार काय? पण ती पंचांकडे गेली. पंचांनी साक्षीला तोडेरला बोलावलं. आमच्याकडे अशी साक्ष डोक्यावर मातीचं ढेकूळ ठेवून देतात. खोटं बोलणाऱ्याला माती गिळते म्हणतात.

बाबा त्याला म्हणाले, "पोरा, दगड जागेवरच आहे म्हण, सावेता तुझी. नाहीतर माझ्या फाटकाशी फिरकायचं नाही."

संध्याकाळी तो कुंपणापाशी आला. चेहरा पार उतरलेला.

"काय बोलू, तू सांग."

मला तो हवा होता. फार हवा होता. "हो म्हण" एवढंच बोलायचं होतं... जीभच उचलेना.

"मला नको विचारूस," म्हणत मी घरात पळाले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी सगळा गाव कुरणात जमला. तोडेर गुडघ्यांवर बसला. पंचांनी ओलं ढेकूळ त्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे — बराच वेळ.

"दगड सरकवलाय," तो म्हणाला. "हद्द त्या नासपतीच्या झाडापाशी. कुरण काकूंचं आहे."

बाबा ओरडले, "सावेता, चल घरी!"

मी चालू लागले. बाबांच्या जवळून पुढे गेले, सगळ्यांच्या देखत तोडेरच्या डोक्यावरचं ढेकूळ दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. माती त्याच्या गालांवर ओघळली होती. ती मी माझ्या रुमालानं पुसली.

"ऊठ."

"कुठं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आईकडे. तिला सून बघायची असेल ना?"