छापून न आलेला प्रबंध

ताडकळसचा आठवडी बाजार ऐन भरात होता. एसटीतून उतरून मेथीच्या जुड्यांमधून वाट काढताना माझी ओढणी एका मोटारसायकलच्या हँडलला अडकली. गाडीवरचा तरुण खाली उतरला आणि धागा तुटू न देता हळूहळू ती सोडवू लागला.

"कोणाला शोधायलाव तुमी?"

"शिवकांत मिटकरींना. बियाण्याचं दुकान आहे म्हणे त्यांचं."

त्याचे हात थबकले. "काय काम हाय?"

"त्यांचा एम.एस्सी.चा प्रबंध हवाय. सहा वर्षांपूर्वीचा."

"तो फसलेला? लय बेकार विद्यार्थी होता तो..." म्हणत त्यानं मान वर केली, आणि त्याच्या ओशाळ्या हसण्यावरून मला कळलं — हाच तो!

मी परभणीला कृषी विद्यापीठात पीएच.डी. करत होते. तुरीच्या मर रोगावर एक जैविक औषध खरंच चालतं का? त्यावरचे सगळे अभ्यास शोधून, पारखून एकत्र मांडायचे, असा माझा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. छापून आलेले एकोणीस निबंध म्हणत होते, चालतं. पण माझ्या मार्गदर्शक हेमा मॅडम म्हणाल्या, "यश सगळेच छापतात, उत्तरा. फसलेले प्रयोग कुठं गेले?" म्हणून मी ग्रे लिटरेचरच्या मागे लागले. म्हणजे छापलेच न गेलेले प्रबंध, अहवाल, टिपणं. ग्रंथालयाच्या जुन्या यादीत शिवकांतचं नाव होतं, प्रत मात्र गहाळ.

"जाळलो मी ते सगळं," दुकानात त्यानं सांगितलं. "पाणी धरणाऱ्या काळ्या रानात औषध चाललंच न्हाई. सर म्हणाले, तुझंच चुकलं असंल. मंग काय छापायचं?"

"आणि हे औषध तुम्ही विकता?"

"न्हाई." तो दुसरीकडे बघत म्हणाला. "गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातंय. जाऊ द्या."

निघायला उठलेली मी पुन्हा खाली बसले.

तेवढ्यात पडद्याआडून त्याच्या आई, महानंदाबाई, आल्या. "जाळलास व्हय? तू चुलीपाशी टाकलास, मी उचलून ठेवले. माझ्या पेटीत लुगड्यांखाली हायेत!"

प्रबंध होता, आणि मातीचे डाग पडलेल्या पाच वह्याही. शिवकांत वह्यांकडे बघतच राहिला. मग उठून पाणी प्यायला गेला, आणि बराच वेळ आला नाही.

पुढचे सात बाजार मी ताडकळसला गेले. तो वही वाचायचा, मी लॅपटॉपवर उतरवायची.

"वाफा चौदा. मेलेली झाडं एकतीस."

"एकवीस?"

"माझ्याकडं बघू नका, मंग नीट ऐकू येईल."

"मी कुठं बघतेय?"

"हं... मंग मीच बघायलो असंल."

फेब्रुवारीत विद्यापीठात माझं सादरीकरण झालं. हलक्या जमिनीत औषध चालतं, पाणी धरणाऱ्या जमिनीत नाही. शिवकांतचे आकडे आणि आणखी दोन न छापलेले अहवाल, तिन्ही हेच सांगत होते. एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. "न छापलेल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

मी बोलणार, तोच शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"ते आकडे माझे हायेत." कपाळावर विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो येणार हे मला माहीतच नव्हतं! "वह्या आणलोय. तपासा, चूक असंल तर दाखवा. सहा वर्षांत कुणी इचारलंच न्हाई."

प्राध्यापकांनी वही मागून घेतली, पानं उलटली, आणि चष्मा काढून म्हणाले, "हे तेव्हाच छापायला हवं होतं."

बाहेर कडुनिंबाखाली तो वह्या पिशवीत भरत होता.

"काम संपलं तुमचं," तो म्हणाला. "आता बाजाराच्या दिवशी तुमी येणार न्हाई... मला ते सोसायचं न्हाई. रविवारी तुमच्या वडलांना भेटायला येतो. आमी लिंगायत, तुमी बामण. न्हाई म्हणतील ते. तरी इचारतो."

"बाबा आधी नाहीच म्हणतात," मी म्हणाले. "म्हणून आज घरी गेल्यावरच सांगून ठेवते, की मी हो म्हटलंय."

"तुमी... हो म्हणलाव? कधी?"

"आत्ता."

मीच पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला.