तांबेरा आणि मेलेले मासे

सकाळी तळ्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. त्याच सकाळी तळ्यापलीकडचा सगळा गहू तांबेऱ्याने गेल्याचं उघड झालं. संकटं जोडीने येतात म्हणतात, पण पीकरोगांच्या तपासनीस बाईंचा असल्या योगायोगांवर मुळीच विश्वास नव्हता.

त्या शेतात शिरून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बाह्या नारिंगी झाल्या होत्या. पानापानावर तांबेऱ्याची नारिंगी भुकटी होती. शेजारचा जव अजून हिरवा होता, पण त्याच्याही खालच्या पानांवर रोगाचे तपकिरी ठिपके उमटू लागले होते.

शेतमालकाच्या घरात एकटा दादा, म्हणजे दोघा भावांतला थोरला, बोलत होता. बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या झाल्या, बाटल्या रिकाम्या आहेत, तरी पीक गेलं. म्हणजे फवारणाऱ्या धाकट्यानेच औषध बाहेर विकलं आणि टाकी तळ्यात धुतली. आता संध्याकाळच्या आत त्याने घर सोडायचं, हा दादाचा निकाल होता.

धाकटा पायरीवर मान खाली घालून बसला होता. आत दोघांची आई त्याची बॅग भरत होती. शर्टांच्या घड्या अगदी नीट पडत होत्या. बाईंनी तिच्या डोळ्यांत पाणी शोधलं, ते नव्हतं.

बाई धाकट्याशेजारी बसल्या.

"टाकीत औषध कोण ओतायचं?"

"मीच. पण मला बादलीत कालवलेलं मिळायचं."

"कोण कालवायचं?"

"आई. वडील होते तेव्हापासून ते तिचंच काम. कोठीची किल्लीही तिच्याकडेच."

"रंग?"

"पांढराच. हे औषध पाण्यात पडलं की पांढरंच होतं."

"आणि वास?"

"फवारताना तोंडावर मुखवटा असतो, वास कुठला येतोय? यंदा आईने आणलाय. शेत संपेपर्यंत काढायचा नाही, अशी शपथच घातलीय तिने."

फवारणी यंत्राखाली घरचं मांजर बसलं होतं आणि तोटीतून ठिबकणारा थेंब डोळे मिटून चाटत होतं. बाईंनी गाळणी उघडली. जाळीत आंबूस वासाचा पांढरा गोळा अडकला होता. मग त्या तळ्याभोवती फिरल्या. मेलेल्या मासळीचा खच घराच्या मागच्या दाराजवळच्या काठाशी होता. तिथे दाट कुंपण होतं, यंत्राचं चाक शिरणं शक्य नव्हतं. बाईंना आता पुढचं बोलणं नकोसं वाटू लागलं.

त्यांनी तिघांना स्वयंपाकघरात बसवलं.

"दादा, तुम्ही साप सोडून भुई धोपटताय," त्या म्हणाल्या. "बुरशीनाशक चाटायला कुठलं मांजर बसतं? गाळणीत दूध नासलंय. गव्हावर दोन्ही वेळा पाणी घातलेलं दूध पडलं, म्हणून तांबेऱ्याला मोकळं रान मिळालं. खरं औषध बाटल्यांतून थेट तळ्यात गेलं. यंत्र तिथे जात नाही, बादली जाते. मुखवटा होता तो धाकट्याला दुधाचा वास येऊ नये म्हणून. आई, चुकतंय का माझं काही?"

आईने बॅगेची चेन ओढली.

"यांचे वडील जन्मभर उघड्या तोंडाने फवारत आले," ती म्हणाली. "शेवटी श्वासासाठी तडफडले. सगळे म्हणाले वय झालं. मी उशाशी होते, मला ठाऊक आहे ते कशाने गेले."

"आणि धाकट्यावर आळ आला तेव्हा गप्प बसलात?"

"घराबाहेर गेला असता तर हे काम सुटलं असतं. चोर म्हणून का होईना, जगला असता."

धाकट्याला रडू आवरेना. बाईंना तिचा राग येत होता आणि दयाही येत होती. मुखवटा, हातमोजे आणि वाऱ्याकडे पाठ, एवढी काळजी पुरेशी होती, हे त्यांनी तिला सांगितलं. तळ्याचं पाणी कुणी प्यायचं नाही, गुरांनाही दाखवायचं नाही, असं बजावलं. मग त्या दादाकडे वळल्या.

"जव अजून वाचेल. पण फवारणी आजच हवी, खऱ्या औषधाची. ते माझ्या गाडीत आहे."

धाकटा उठला. दादाने त्याला खांदा धरून खाली बसवलं.

"तू नको. आजवर नुसता हुकूम सोडत आलो. आज मी जातो."

सकाळपासून शांतपणे वावरणारी आई तेव्हा धावली. तिने दाराशीच दादाचं मनगट धरलं.

"तू कशाला? तू काय माझ्या पोटचा नाहीस?"

धाकट्यासाठी तिने एक अख्खं शेत घालवलं, एवढंच आतापर्यंत दादाच्या डोक्यात होतं. हात सहज सोडवता आला असता. बाहेर वारा पडला होता, फवारणीला अशी वेळ पुन्हा मिळाली नसती. दादाने हात सोडवला नाही.