गुरुवारची मोजणी

पुण्याहून मांजरी गावाकडे जाणाऱ्या त्या सहापदरी रस्त्याच्या मधोमध, हातभर रुंदीच्या दुभाजकावर, ऋचा करडे आणि एक अनोळखी तरुण गेली सात मिनिटे शेजारी शेजारी उभे होते. पाऊस भुरभुरत होता. तरुणाने सायकल खांद्यावर घेतली होती आणि तिचे हँडल ऋचाच्या छत्रीत वरचेवर अडकत होते.

"आपण ही सायकल चालवता, की नुसती मिरवता?" तिने विचारले.

"चालवायला रस्ता मिळेपर्यंत... मिरवतो."

उत्तर बरे होते. ऋचाने छत्री किंचित त्याच्याकडे कलती केली.

ती कसबा पेठेतल्या तांबटाची मुलगी. जिथे माणूस चालतो आणि वाहनाने अदबीने वाट मागायची असते, अशा गल्ल्यांत वाढलेली. गेली तीन वर्षे ती इथल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होती आणि रोज बसमधून उतरून, जीव मुठीत धरून, हा रस्ता ओलांडत होती. मार्च महिन्यात समोरच्या कारखान्यात पाकिटे भरणाऱ्या सुशीलाबाईंची धाकटी जाऊ इथेच गेली. चौकशीच्या अहवालाने तिला 'निष्काळजी पादचारी' ही पदवी बहाल केली. हयातीत तिला कोणी कसलीच दिली नव्हती. ऋचाने सिग्नलची मागणी केली. उत्तर आले : पादचाऱ्यांची वर्दळ नगण्य, सबब दुभाजकातली फटदेखील बंद करण्यात येईल. पुढची वाट दीड किलोमीटरवर. हरकतींची सुनावणी पंधरा दिवसांवर आली होती.

"नगण्य म्हणे!" पुढे सरकणाऱ्या टँकरकडे पाहत ऋचा म्हणाली. "दिवसाला दोनशे अकरा माणसे. ज्या महापंडिताने हे मोजले, त्याला एकदा पाहायचे आहे मला. डोळे आहेत, की नुसत्या खोबण्या, एवढेच."

तरुणाने सायकल हळूच खाली टेकवली.

"पाहा मग... मीच तो. उत्तरेश्वर गुंड, कनिष्ठ अभियंता."

एक डंपर दोघांवर समान न्यायाने चिखल उडवून गेला.

"मॅडम, सकाळी सहा ते रात्री आठ मी स्वतः इथे उभा होतो. जेवायलाही हललो नाही. एकही आकडा बनावट नाही."

"कोणत्या वारी?"

"गुरुवारी."

ऋचा हसली. ते हसू प्रेमळ मुळीच नव्हते. "पुण्यात येऊन तेव्हा किती दिवस झाले होते?"

"तीन आठवडे. मी कळंबचा, धाराशिवकडला."

"तरीच. अहो, इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते! देवळाला कुलूप असताना तुम्ही भाविक मोजलेत."

आता सबबी ऐकायला लागणार, म्हणून तिने मन घट्ट केले. पण उत्तरेश्वर समोरच्या कारखान्याच्या फाटकाकडे पाहत म्हणाला, "म्हणजे ही फट माझ्यामुळे बंद होतेय." मग म्हणाला, "बुधवारी परत मोजतो."

"मीही येणार. एकट्या माणसाच्या मोजणीवर माझा विश्वास उरलेला नाही."

बुधवारी ते दोन बाजूंच्या पदपथांवर उभे राहिले, कानाला फोन लावून. मध्ये वाहनांचा अखंड लोंढा.

"तुमच्याकडे किती?" तिने दुपारी विचारले.

"हजार चाळीस. आणि एक निळी ओढणी."

"ओढणी पादचारी नसते."

"नसते. पण दर पाच रेघांनंतर नजर तिकडेच जाते... कागदावर खाडाखोड होतेय."

"मग नजर खाली ठेवा, गुंडसाहेब," ऋचाने बजावले आणि मुळीच न विस्कटलेली ओढणी नीट केली.

पाळी सुटली. डब्याच्या पिशव्या छातीशी धरून, एक हात वाहनांपुढे उंचावून बायकांचे जथे रस्त्यात उतरले. आठ वाजता बेरीज झाली : चार हजार तीनशे श्याऐंशी.

सुनावणीच्या आदल्या दिवशी उत्तरेश्वर बसथांब्यावर आला. त्याचे वरिष्ठ हिंमतराव यांनी त्याला समजावले होते. "जुन्या अहवालावर सही तुझी. नोकरी अजून कायम नाही. गप्प बसलास तर होईल."

"तुम्ही काय म्हणता?" त्याने ऋचाला विचारले.

"काहीच नाही. नोकरी तुमची आहे," ती म्हणाली. बस आली तेव्हा तिच्या लक्षात आले, की आपण सिग्नलइतकीच या माणसाचीही काळजी करतो आहोत. तिला स्वतःचाच राग आला.

सुनावणीत ऋचाने आकडे मांडले. हिंमतराव मंद हसले. "प्राध्यापकबाईंची मोजणी हौशी आहे. अधिकृत आकडा दोनशे अकरा."

मागच्या खुर्चीवरून उत्तरेश्वर उठला.

"अधिकृत आकडा चुकला आहे, साहेब. चूक माझी. मी सुट्टीच्या दिवशी मोजले. बुधवारची फेरमोजणी माझ्याच सहीची आहे... आणि हे सगळे मी लेखी देतो."

ऋचाने प्रबंधासाठी शेकडो सरकारी अहवाल वाचले होते. त्यांत चुका झालेल्या असत, कोणी केलेल्या नसत. 'चूक माझी' हे दोन शब्द तिने आज प्रथमच ऐकले आणि भर सभागृहात तिचे कान तापले. अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि दहा मिनिटांत निकाल दिला : फट राहील, सिग्नल बसेल.

थंडी पडली तेव्हा सिग्नल बसला. पहिल्या संध्याकाळी हिरवा माणूस उजळला आणि सुशीलाबाई सगळ्यांच्या पुढे निघाल्या. उसाचा ट्रॅक्टर थांबला, डंपर थांबला. एका लांबलचक मोटारीने भोंगा वाजवला, सुशीलाबाई बरोबर तिच्यासमोर थबकल्या, पदर सावकाश सारखा केला आणि म्हणाल्या, "थांब की रं! घाई कसली हाय?" मागच्या दोनशे बायका खदखदून हसल्या आणि राणीच्या लवाजम्यासारख्या रस्ता ओलांडून गेल्या.

ऋचाला डोळे पुसावे लागले. शेजारी उत्तरेश्वर होता.

"ताकीदपत्र आले," तो म्हणाला. "कायम व्हायला आणखी सहा महिने."

"त्याची एक प्रत मला हवी."

"हरकत नोंदवायला?"

"घरी दाखवायला. बाबा विचारतील ना, मुलगा कसा आहे म्हणून..."

उत्तरेश्वरच्या हातून सायकल निसटता निसटता राहिली. "मॅडम, म्हणजे तुम्ही—"

"ऋचा."

"ऋचा... नक्की ना?"

"संख्याशास्त्र शिकवते मी. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मला चांगले ठाऊक आहे." तिने सगळ्या रस्त्यादेखत त्याचा हात धरला. "पण दुसरा नमुना बघायची इच्छाच उरली नाही."