खोकल्यानंतरचा थांबा

पारसची मोटारसायकल आमच्या गोठ्यासमोरच पंक्चर झाली, यात माझा काही हात नव्हता. पहिल्या वेळी तरी नव्हता.

ओतूरच्या नेमीचंदशेठचा हा मुलगा. पिशवीत कापडाचे नमुने, छोटा टेपरेकॉर्डर आणि पियानोच्या कॅसेटी. पंक्चरवाला येईपर्यंत खाटेवर बसून त्यानं एक लावली. बोटं अशी पळत होती, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

"किती जण वाजवतायत?" मी चरवी गुडघ्यांत धरून विचारलं.

"एकटाच."

"दोनच हातांनी?"

"माझा पण विश्वास बसत नाही."

मैफलीतलं रेकॉर्डिंग होतं. मध्येच कुणीतरी खोकलं, वाजवणारा क्षणभर थांबला... आणि आमच्या चंद्रीनं पान्हा सोडला! रेडकू गेल्यापासून ही म्हैस धारेला उभी राहत नव्हती.

आबा धावत आले. "पावणं, उद्या बी या. लई उपकार व्हतील."

तो रोज धारेच्या वेळी येऊ लागला. तीच रचना आणखी दोघांनी वाजवलेली त्यानं आणून पाहिली. त्यातलं एक वादन जास्त सफाईदार आहे, असं त्याचं मत होतं. चंद्रीनं लाथ मारली. तिला खोकल्याचंच लागायचं.

मलाही. खोकला आला की आम्ही एकमेकांकडं पाहायचो, तो थांबा संपेपर्यंत.

दिवाळीनंतर तो सोलापूरला, मामाच्या दुकानात बसायला निघाला. जाताना ती कॅसेट टेपरेकॉर्डरसकट माझ्या हातात ठेवली.

"ही तर तुमची सगळ्यात आवडती..."

"चंद्रीला लागेल."

"बरं. आणखी कुणाला काही सांगायचंय?"

त्यानं मोटारसायकलची किल्ली फिरवली, परत काढली.

"...पेंड वेळेवर घाला," म्हणाला.

मग रोज टेप वाजायचा. बोटं पळायची, खोकला यायचा, मी खाटेकडं पाहायचे. तिथं आबा बसलेले असायचे.

शेवटी ओतूरला जाऊन बूथवरून त्याच्या मामाच्या दुकानात फोन लावला.

"चंद्री आटली का?" त्यानं घाबरून विचारलं.

"चरवी भरून देते."

"मग?"

"तो थांबा येतो ना... तिथं मला एकटीला थांबवत नाही."

पलीकडं कुणी गिऱ्हाईक धोतराचं पान मागत होतं.

मग पारस खोकला. अगदी तस्साच.

आम्ही दोघंही थांबलो.

"शनिवारी येतो," तो हळूच म्हणाला. "आबांना त्या खाटेवरून उठवा."