बिबवेवाडीतल्या जिमचं कुलूप

तो टीव्ही बंद करा आधी, मग सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. उत्तरेश्वर आपल्या खालच्याच मजल्यावर राहतो.

गेल्या वर्षीच्या दत्तजयंतीची आदली रात्र. बिबवेवाडीच्या जिममध्ये दोन्ही पाळ्या शिकवून उत्तरेश्वर घरी आला, चपला काढतोय तेवढ्यात मालकांचा, विश्वजीतचा फोन. "एसी चालू राहिलाय वाटतं. जरा बघून या ना." 'जरा' म्हणायला मालकांचं काय जातं! याचा डावा खांदा दुपारपासून ठणकत होता. तरी गेला बिचारा.

ती जिम त्याला नकोशी झाली होती. उन्हाळ्यात बद्रीनाथकाका तिथे व्यायाम करताना कोसळले. बंद पडलेलं हृदय शॉक देऊन चालू करणारं यंत्र जिममध्येच होतं, पण केबिनच्या कपाटात, कुलपात. पोरं खेळतात म्हणून! किल्ली मालकांच्या खिशात आणि मालक लांब मांजरी गावात. उत्तरेश्वर काकांची छाती दाबत राहिला. कपाट फोडायचं त्याला सुचलंच नाही. काका गेले. त्यानंतर मालकांनी सुधारणा केली हो. कुलूप मोठं बसवलं.

एसी बंदच होता. उत्तरेश्वर वैतागून चटईवर टेकला. इतका दमला होता की घरी परतायचंही जिवावर आलं. मग घाम फुटला. गार घाम. छातीत कळ आली आणि तो आडवा झाला. फोन हातभर लांब. हात उचलेना...

अंधारात ट्रेडमिल सुरू झाली.

कुणीतरी चालत होतं. सावकाश.

थांबलं.

पावलं जवळ आली...

"अहो उत्तरेश्वर, उठू नका. पडून राहा."

बद्रीनाथकाकांचा आवाज.

"काका, मी ते कपाट..." त्याला रडू फुटलं.

"असू द्या हो. दमलात तुम्ही."

मग काही नाही...

तो परतला नाही म्हणून बायको, पूर्वा, शोधत आली. शर्ट उघडा, श्वास चालू. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, "शॉक कुणी दिला? त्यानेच वाचले हे. पट्ट्या नीट चिकटाव्यात म्हणून छातीवरचे केससुद्धा काढलेत, दोन चौकोनांत."

सकाळी विश्वजीतने पूर्वासमोर कपाट उघडलं. कुलूप शाबूत. यंत्रावरचं प्लॅस्टिकसुद्धा फाटलेलं नव्हतं.

वर्ष होत आलं. उत्तरेश्वरच्या छातीवरच्या त्या दोन चौकोनांत अजून एकही केस उगवलेला नाही.